आखूड दांड्याचा नमुना

माझ्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी, एक लोखंडी दांडा उभा असतो. खालच्या टोकाला बोराएवढा गुळगुळीत गोळा, मधोमध लिंबाएवढा दुसरा गोळा आणि वरचं टोक करवतीनं कापल्यासारखं. कापल्यासारखं कशाला, कापलेलंच आहे. त्या बोराएवढ्या गोळ्यानं आलं असं ठेचलं जातं की मिक्सरनं मान खाली घालावी. सून त्याला ‘आईंची गदा’ म्हणते. पाहुण्यांना वाटतं, जुन्या काळची काही तरी वस्तू असणार. नात मात्र खरं सांगून मोकळी होते, “आज्जीनं एका लाल मोटारीची वाट लावली होती ना, तिचा गिअर आहे तो.”

वाट लावली होती हे खरं आहे. आता वयाच्या सत्तरीत लपवून काय मिळणार? ‘तुमच्या दुकानाच्या आठवणी लिहा’ असा दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, तेव्हा मी चहाच ठेवत होते आणि हातात नेमका तो दांडा होता. म्हटलं, चला, दांड्यापासूनच सुरू करू.

पिरंगुटच्या रस्त्याला आमचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. पाटीवर नाव यांचं, स्टुलावर मी. यांना यंत्रांची आवड दांडगी, पण गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की यांना लगेच झोप यायची. मी अकरावी पास, बोलण्यात पीएचडी. त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालापासून पुढची बारा वर्षं क्लच प्लेट, ब्रेक लायनर, ऑइल सील आणि फॅन बेल्ट यांच्यात मी माझ्या चाळिशीची पन्नाशी केली.

काउंटरला बाई दिसली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असायचा, “मालक कुठं गेलेत?” मग मीही एक हट्ट धरला. ‘संपलंय’ म्हणेन, ‘उद्या येईल’ म्हणेन, पण ‘माहीत नाही’ हे दोन शब्द काही तोंडातून काढणार नाही. एकदा म्हटले की संपलंच. उद्यापासून सगळे मालकाला हाका मारणार. तेव्हा मला वाटायचं, ही माझी हुशारी. आता वाटतं, केवढी ती बाई आणि केवढा तिचा ताठा!

बाहेरच्या माणसाला वाटतं, या धंद्यात पार्टची नावं पाठ असावी लागतात. छे! नावं गिऱ्हाइकालाच ठाऊक नसतात. ज्याला कंपनी एक म्हणते, त्याला मिस्त्री दुसरं म्हणतो आणि ड्रायव्हर ‘ते ह्ये’ म्हणतो. म्हणून या धंद्यात एकच मंत्र: नमुना आणा. तुटलेला, झिजलेला, जळलेला, जसा असेल तसा तो पार्ट फडक्यात गुंडाळून आणा. आम्ही तो काउंटरवर ठेवणार, नव्याशी जुळवणार, मगच माल देणार. ‘नमुना आणलाय का?’ हे वाक्य मी दिवसातून शंभरदा म्हणत असेन. गिऱ्हाईक दारातून आत आलं की बऱ्याचदा मनात उत्तरही यायचं: हो, आणलाय, स्वतःच आलाय.

एक म्हातारबाबा मुळशीकडून एस्टीनं आले. ट्रॅक्टरचा पट्टा हवा होता. मी विचारलं, “नमुना?” तर म्हणाले, “हाय की.” आणि सदरा वर करून कमरेचा करगोटा दाखवला. “पट्टा आन् ह्यो, दोन्ही येकाच मापाचं. घरी जुळवून बगितलंय.” मी मान वळवून टेप त्यांच्याच हातात दिली. त्यांनी मापलं, मी पट्टा दिला. आणि सांगते, तो बसला! दुसरा एक डंपरवाला, लवासाच्या कामावर खडी वाहणारा. उतरायचेही कष्ट न घेता केबिनमधून ओरडला, “भाभी, वो दे दो जो हमेशा टूटता है!” मी स्प्रिंगच्या पाट्यांना धरून ठेवणारा मधला बोल्ट दिला. दुसऱ्या दिवशी जाताना त्यानं हॉर्न वाजवून सलाम केला. अशा सलामांनीच माझं डोकं फिरलं.

तर, दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. ओसरत्या पावसाचे दिवस. दुकानासमोर एक लाल गाडी येऊन थांबली. दोन माणसांची, बसकी, जमिनीला नाक लावून चालणारी परदेशी गाडी. अशी गाडी मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. तिच्यातून उतरली जीन्स घातलेली, तिशीच्या आतली, सडपातळ मुलगी. वैजयंती तिचं नाव. मूळची नांदेडची, माणच्या आयटी पार्कात कामाला, भूगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी. ही सेकंडहँड गाडी तिनं स्वतःच्या कमाईनं घेतली होती आणि तिच्यावर तिचा भारी जीव.

“काकू, शॉर्ट शिफ्टर मिळेल?”

शॉर्ट काय आणि शिफ्टर काय, मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, “मिळेल ना! नमुना आणलाय का?”

शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये इक्बाल मिस्त्रीचं गॅरेज होतं. इक्बाल पौडचा. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अकलेनं बहुधा मोठा, पण हे मी त्याला कधी कळू दिलं नाही. त्यानं ‘शॉर्ट’ एवढंच ऐकलं आणि धावत येऊन बॉनेट उघडलं. “कुटं शॉर्ट झालाय ताई? जळका वास येतुया का?”

वैजू हसली. “वायरिंग नाही हो दादा. गिअर टाकताना दांडा फार लांब हलवावा लागतो. तो आखूड हलला पाहिजे. त्याचा बाहेर वेगळा दांडा मिळतो.”

इथं एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. ती मला तेव्हा माहीत नव्हती, कारण वैजूनं सांगितली नाही आणि मी विचारली नाही. वैजूचा डावा खांदा सहा महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडून मोडला होता. हाड जुळलं, पण हात पुढं जाईना. ठरावीक अंतरापुढं हात सरकला की खांद्यात कळ यायची. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणजे गिअर डाव्या हाताला. दुसऱ्यातून तिसरा टाकायचा म्हणजे दांडा मागून थेट पुढं ढकलायचा. घाटरस्त्यावर हेच शंभर वेळा. त्यात नांदेडहून तिचा थोरला भाऊ येणार होता, पंधरा दिवसांनी. तिच्या प्लास्टरच्या दिवसांत त्यानंच तिला भरवलं होतं, त्यामुळे त्याचा शब्द मोडवत नव्हता. त्यानं भूगावातला एक बिल्डर गाडीला गिऱ्हाईक म्हणून नक्कीही केला होता. भावाचं म्हणणं एवढंच, की हात धड नाही तर ही गाडी ठेवायची नाही. फार विनवण्या केल्यावर एक अट घातली: मला शेजारी बसवून ताम्हिणी घाट चढून दाखव. तोंड जरा वाकडं झालं, तर गाडी बिल्डरला.

हे सगळं त्या मुलीच्या मनात. आणि माझ्या मनात काय? की आयटीतली ही पोरं म्हणजे फॅशन. कुणी सायलेन्सर मोठा करतं, कुणी काचा काळ्या करतं, हिला दांडा आखूड पाहिजे.

“आखूड दांडा ना?” मी म्हटलं. “त्यासाठी परदेशातून कशाला मागवायला पाहिजे? कापू की!”

इक्बालनं डोकं खाजवलं. “काकी, आखूड म्हंजी वरनं का खालनं?”

“वरनंच! खालनं कापायला ती काय साडी आहे?”

आजूबाजूचे चार जण हसले. मीही हसले. आणि इथंच सगळं बिघडलं. कारण त्या माणसानं लाखातला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याची गंमत करून टाकली होती.

वैजूनं विचारलं, “नक्की ना काकू? म्हणजे माझ्या वाचनात काही तरी वेगळं आलं होतं.”

“अगं, आठ वर्षं झाली मला या धंद्यात.” आठ वर्षांत मी त्या जातीच्या गाडीचा एक स्क्रूही विकला नव्हता, हे सांगायचं राहिलं.

इक्बालनं गिअरभोवतीचा चामडी झगा उघडला, चार बोल्ट काढून दांडा वर खेचला, ग्रीस पुसलं, वाइसच्या पकडीत आवळला आणि वरून दोन बोटं कापला. मुठीसाठी नवे आटे पाडले. तासाभरात पुन्हा बसवून दिला. दिसायला मोठा ठसकेबाज दिसत होता. वैजूनं जागेवरच गिअर टाकून पाहिले, किंचित कपाळाला आठी घातली, पण मी इतकी खुशीत होते की ती आठी मला हसल्यासारखी दिसली.

चौथ्या दिवशी ती आली ती रिक्षानं. डावा हात गळ्यात बांधलेला.

“काकू, वाईट वाटून घेऊ नका,” ती म्हणाली, “पण गिअर जड झाला हो. आणि मूठ खाली गेली, त्यामुळं वाकावं लागतं. परवा चांदणी चौकाच्या चढावर तिसरा टाकताना एवढी कळ आली की गाडी बाजूला घेऊन रडले. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, आठवडाभर हात हलवायचाच नाही.”

तेव्हा खांद्याचं, भावाचं, घाटाचं सगळं रामायण बाहेर आलं. मी म्हटलं, “अगं, मग आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंच नाही.”

बोलणारी बाई गप्प बसते तेव्हा कशी दिसते, हे इक्बालनं त्या दिवशी पाहिलं. तो नंतर सगळ्यांना सांगायचा, “काकीचा सायलेन्सर पयल्यांदाच चोक झाला.” हसण्यावारी नेते खरी, पण त्या मुलीचा गळ्यात बांधलेला हात आजही आठवला की चहा घशाखाली उतरत नाही. मला ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटली, त्याची कळ तिच्या खांद्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू पुन्हा आली. इक्बालनं आम्हा दोघींना शेडच्या मागं नेलं. तिथं एक धोंडा होता, त्याखाली त्यानं पहार घातली आणि पहारीखाली टेकू म्हणून वीट सरकवली.

“काकी, बगा. ही पहार म्हंजी आपला गिअरचा दांडा. वीट म्हंजी मधला गोळा, त्येच्यावरच दांडा डुलतो. वरचं टोक आपल्या हातात, खालचं टोक गिअरबॉक्सात. खालचं टोक ठरल्याप्रमानं हलायलाच पायजे, न्हाईतर गिअर पडनार न्हाई. आता हात कमी हलवायचा, तर दोन उपाय. वरनं दांडा कापा, न्हाईतर गोळ्याच्या खालची बाजू लांब करा. आपन वरनं कापला. मूठ गेली खाली, ताईला वाकाया लागलं.”

“आणि जड का झालं?”

“ते दोन्हीत व्हनार. हात कमी हलला की जोर जास्ती. पहार टेकूजवळ धरून बगा धोंडा हलतो का.”

मी धरून पाहिली. धोंडा हलला नाही, माझी पाठ हलली. शाळेत तरफ शिकले होते मी, पैकीच्या पैकी मार्क होते. पण शाळेतली तरफ वहीत असते, ती मोटारीतही असते हे कोण सांगणार?

वैजूनं पिशवीतून कागद काढले. इंटरनेटवरून छापून आणलेले तीन दांडे. पहिला सगळ्यात आखूड चालीचा: हात निम्म्यानंच हलवायचा. दुसरा मधला: हालचाल एक तृतीयांशानं कमी, मुठीची उंची मूळ गाडीएवढीच, खालची बाजू लांब. तिसऱ्याची उंची वरखाली करता यायची, पण त्याचे लहान लहान स्क्रू पाहूनच इक्बाल म्हणाला, “ह्ये सैल व्हनार. घाटात मूठ हातात यील.” तो बाद. राहिले दोन. तिच्या कंपनीतला एक जण पुढच्या आठवड्याच्या शेवटी अमेरिकेहून यायचा होता, त्याच्या सामानात एक दांडा येऊ शकत होता. एकच. चुकला तर दुसरा मागवायला वेळ नव्हता.

तुम्हाला वाटेल, एकदा तोंड भाजल्यावर मी फुंकून प्यायले असेन. कसलं काय! मी पहिल्यावर बोट ठेवलं. “हाच. सगळ्यात आखूड. आपल्यात म्हणतातच, गाय कशी, तर आखूडशिंगी, बहुदुधी.”

इक्बालनं कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला. “काकी, दुकानाचा नियम काय?”

“कुठला नियम?”

“नमुना आनलाय का?”

“अरे, नमुना म्हणजे तो कापलेला दांडाच की.”

“दांडा न्हाई. हात.” त्यानं वैजूच्या खांद्याकडं बोट केलं. “जुळवायचं ते हाताशी. नमुना समोर हुबा हाय आन् आपन कागद बगतोय.”

आठ वर्षं मी त्या वाक्यावर दुकान चालवलं होतं. ज्या दिवशी खरी गरज होती, त्याच दिवशी नमुना बघायचा राहिला होता.

व्यायामवाल्या बाईंनी घातलेला आठवडा संपला आणि त्यांनी ‘जरा जपून’ म्हणत परवानगी दिली, तेव्हा आम्ही हाताचं माप घेतलं. असं माप जगात कुणी घेतलं नसेल. इक्बालनं तिच्या घरून गाडी आणली, वैजू तीत बसली. समोरच्या कांदेवाल्याकडून मी ताणकाटा मागून आणला, तो हुकाचा, स्प्रिंगचा, पिशवी टांगून वजन करायचा. कांदेवाला विचारतोय, “काय तोलायचं हाय, वैनी?” मी म्हटलं, “पोरीचा हात.” तो काटा सोडून स्वतःच बघायला आला.

आधी कापलेल्या दांड्याला काटा अडकवून ओढलं. दुसऱ्यातून तिसऱ्यात हात पाच बोटं हलत होता, तीन किलो जोर लागत होता. मग वैजूच्या मुठीत दोरी दिली, दोरीला काटा, काटा मागून इक्बालच्या हातात. ती मूठ हळूहळू पुढं नेणार, कळ आली की ‘बास’ म्हणणार.

“बास.”

साडेचार बोटं. पुन्हा केलं. साडेचारच. मग त्या साडेचार बोटांत जोर वाढवत नेला. तीन किलो, काही नाही. साडेतीन, काही नाही. चारला तिनं डोळे मिटले. “बास.”

मी गॅस्केटच्या रिकाम्या खोक्यावर खडूनं आकडे मांडले. पाच बोटं, तीन किलो. वैजू म्हणाली, “काकू, गुणाकार करा. पंधरा. तो पंधराच राहणार, काही केलं तरी.” मूळ दांडा सहा बोटं हलायचा, म्हणजे त्याला अडीच किलो लागत असणार. सगळ्यात आखूड चालीचा तीन बोटं हलणार, म्हणजे पाच किलो. माझी बहुदुधी गाय! दुधाआधी लाथ मारणारी! तिनं त्या मुलीचा खांदा पुन्हा मोडला असता. मधला चार बोटं हलणार, म्हणजे पावणेचार किलो.

मग मी ते छापील कागद पुन्हा नीट वाचले. चाल किती आखूड, हे मोठ्या अक्षरांत होतं. जड किती, हे कुठंच नव्हतं. कागद लिहिणारासुद्धा माझ्यासारखाच असणार, ‘माहीत नाही’ न म्हणणारा.

“मधला,” वैजू म्हणाली.

“मधला,” इक्बाल म्हणाला.

दोघं माझ्याकडं बघत होते. हात चार किलोला ‘बास’ म्हणतो आणि दांडा पावणेचार मागतो. मध्ये फक्त पाव किलो. पाव किलोत आमच्याकडं चार माणसांची भेंडी होत नाही.

“चालेल ना काकू?” वैजूनं विचारलं.

मी खडू खाली ठेवला. “माहीत नाही गं,” म्हटलं.

आकाश कोसळलं नाही. कुणी ‘मालक कुठंयत’ म्हणून विचारलं नाही. उलट वैजूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा भरवसा दिसला. मला तर रागच आला. एवढं सोपं होतं तर आठ वर्षं कुणी सांगितलं का नाही?

दांडा आला तो अमेरिकेहून येणाऱ्या गृहस्थाच्या लोकरी मोज्यात गुंडाळून. शनिवारी बसवला. बसला छान, हात चारच बोटं हलला, मूठ बरोबर हाताखाली. पण गाडी सुरू केली तर दांड्यातून भुणभुण! आत गांधीलमाशी कोंडल्यासारखी. मूळ दांड्यात आवाज खायला रबर असतं, यात नुसतं लोखंड. वैजूचा चेहरा उतरला. भावाला आवाज ऐकू आला तर तो म्हणणार, मोडकीच आहे गाडी. इक्बालनं सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन कडी कापली, दांड्यावर चढवली, वरून झगा ओढला. गांधीलमाशी झोपली.

मग मला शेजारी बसवून वैजू पौडपर्यंत गेली. गाडीत बसायचं म्हणजे जमिनीवर पाट मांडून बसायचं. एस्टीची चाकं माझ्या कानाशेजारून जात होती. मी डोळे मिटून घेतले होते, म्हणून तिचं तोंड वाकडं होतं का ते बघायचं राहून गेलं. परत आल्यावर उतरता येईना. इक्बालनं एक हात धरला, कांदेवाल्यानं दुसरा, आणि मला दांड्यासारखं वर खेचून काढलं.

रविवारी भाऊ आला. संतोष त्याचं नाव. नांदेडकडं बी-बियाण्यांचं दुकान, उंचापुरा, मिशाळ. मला वाटलं होतं, दुष्ट असेल. तर तो वैजूचा डावा हात असा धरून उतरवत होता, जसं अंडंच धरलंय.

“काकू, तुमीच का त्या?” तो म्हणाला. “कशाला पोरीला नादी लावायलात? सहा महिने म्या रात्री झोपलो नाही हिच्या हातापायी.”

त्याला काय सांगणार? मीच आधी आठवडाभर बिघडवला होता तो हात. तेही सांगितलं. खरंच सांगितलं. तो म्हणाला, “बरं. घाट काय म्हणतो ते बघू.”

गाडी दोनच माणसांची, तेव्हा आम्ही मागं राहिलो. बिल्डरही फोनची वाट बघत होता. ती दोघं गेली आणि मी स्टुलावर बसले. त्या दोन-अडीच तासांत मी एकाला ब्रेकऐवजी क्लचची केबल दिली आणि एका बाईला विचारलं, “हात आणलाय का?” ती घाबरून निघूनच गेली. इक्बाल एकच टायर तिसऱ्यांदा तपासत होता.

“पाव किलो लई कमी हाय, काकी,” तो म्हणाला.

“गप रे.”

शेवटी लाल गाडी दिसली. जवळ आली, थांबली. आणि उजव्या दारातून, स्टिअरिंगच्या बाजूनं, कोण उतरलं? संतोष.

चालवता आली नाही पोरीला. हात गेला, गाडी गेली. मी काउंटर धरून उभी राहिले. डाव्या दारातून वैजू उतरली. हातात भाजलेलं कणीस. आणि ते तिनं इक्बालपुढं धरलं, डाव्या हातानं, सरळ पुढं करून. साडेचार बोटं असतील, पाच असतील, मी मोजली नाहीत.

“अख्खा घाट हिनंच चढला,” संतोष म्हणाला. “म्या रस्ता बघितलाच नाही. निस्तं हिचं तोंड बघत होतो. येकदा बी वाकडं झालं नाही. उतरताना म्हनलं, दे जरा, बघू तर काय हाय ते.” मग तिथंच उभं राहून त्यानं बिल्डरला फोन केला. “गाडी विकायची नाही. नाही म्हंजे नाही.”

वैजू माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, “काकू, एकदा झालं होतं. पण तेव्हा डावीकडं धबधबा आला आणि दादा तिकडं बघायला लागला. तेवढ्यात वाकडं करून घेतलं.”

पाव किलोची किंमत तिला कळली होती आणि मलाही. व्यायाम सोडायचा नाही, एवढंच तिच्याकडून कबूल करून घेतलं. कापलेला दांडा तिनंच माझ्या हातात दिला. म्हणाली, “ठेवा आठवण.” घरी नेऊन सोड्यानं तीनदा धुतला, तेव्हा कुठं ग्रीसचा वास गेला. चौथ्या दिवशी आलं ठेचलं.

इकडं संतोष त्या लाल गाडीपासून हलेना. दार उघडून पुन्हा बसला, जागेवरच दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत राहिला. मग मिशीला पीळ देत काउंटरशी आला.

“काकू, घरी माझी जीप हाय. गिअर टाकायचा म्हंजे विहिरीतून बादली काढल्यावानी हात दुखतो. असलं कायतरी तिला बसल का?”

“बसेल ना!” हे शब्द माझ्या जिभेवर आले, दातांपर्यंत आले. मी ते तसेच मागं ढकलले, दुसऱ्या गिअरमध्ये.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “नमुना आणलाय का?”

संतोषनं एकवार बहिणीकडं पाहिलं. ती हसू दाबत होती. वाटेत तिनं सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्यानं शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि आपला भलाथोरला हात माझ्या काउंटरवर, ऑइल सीलच्या डब्यांमध्ये, आडवा ठेवला.

इक्बाल ताणकाटा आणायला कांदेवाल्याकडं पळाला.